रडण्यातली वंशावळ

माझ्याकडे घराण्याचं पुस्तक करून घ्यायला येणारा माणूस पहिला चहा संपायच्या आत सांगतो, की आमचा मूळपुरुष घोड्यावरून आला. मानवतपासून गंगाखेडपर्यंतच्या टापूत इतकी घोडी एके काळी बांधली कुठं असतील आणि त्यांना कडबा कोण पुरवत असेल, हे कोडं मला कधी सुटलं नाही. पायी आलेला मूळपुरुष मला आजवर एकदाच भेटला, बोरीच्या एका घरात. त्या घराचं पुस्तक माझं सगळ्यांत लाडकं आहे. पण त्याआधी हा उद्योग माझ्या गळ्यात कसा पडला ते सांगते.

आमचा मानवतला छापखाना. यजमान यंत्र सांभाळायचे, मी लग्नपत्रिकांची मुद्रितं तपासायची. परक्या माणसाला वाटतं, पत्रिकेत तपासायचं ते काय? तारीख आणि वेळ बरोबर असली की झालं. अहो, तारीख चुकली तर लोक फोन करून विचारून घेतात. पण थोरल्या चुलत्याचं नाव धाकट्याच्या खाली गेलं, तर थोरला जेवायला येत नाही, आणि त्याच्यामागोमाग अर्धी भावकी घरी बसते. म्हणून मी प्रत्येक पत्रिकेच्या वेळी घरातल्या जाणत्या माणसाला समोर बसवून कोण कुणाचा कोण हे विचारून घ्यायची. असं करता करता तालुक्यातली नाती माझ्या डोक्यात घर करून बसली. शेवटी एक गिऱ्हाईकच म्हणालं, वहिनी, आमची भावकी आमच्यापरीस तुमालाच जास्त ठावी हाय, आता पुस्तकच काढा. काढलं. ते दुसऱ्यांनी पाहिलं, आणि आम्ही काय घोडं मारलंय म्हणत तेही आले. पुन्हा घोडंच, बघा!

लोकांना वाटतं, घराण्याचा इतिहास जुन्या कागदात असतो. निजामाच्या अमलातले उर्दू कागद मीही वाचून घेतले आहेत, पण कागद जमिनीचं सांगतात, माणसांचं फारसं सांगत नाहीत. माझी भिस्त स्वयंपाकघरावर. आपल्याकडे आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालायची रीत आहे. कुणी, कुठल्या गावाहून, कुणाच्या लग्नात दिलं, सगळं तांब्यापितळेवर कोरलेलं असतं. मी माळ्यावरची भांडी खाली काढायला लावते, चिंचेनं घासायला लावते आणि पालथी करून वाचते. घरातल्या सुनांना आधी वाटतं की या बाई आमची भांडी मोजायल्यात. मग एकेका भांड्याची गोष्ट निघते आणि त्याच सुना दुपारचं जेवण विसरून माझ्याभोवती बसतात.

एका बड्या शेतकरी घरात भिंतीवर तलवार होती. मूळपुरुष ती घेऊन उत्तरेकडून आला, अशी पिढीजात समजूत. मला माळ्यावर एक घागर सापडली. तिच्यावर सासऱ्याचं नाव, जावयाचं नाव, आणि सासऱ्याचं गाव तेच, जिथं आम्ही बसलो होतो. जावई म्हणजे त्यांचा मूळपुरुष. तो तलवार गाजवत आला नव्हता, शेजारच्या तालुक्यातून घरजावई म्हणून आला होता. मी हे सांगितल्यावर थोरले मालक बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, घागर बी छापा, पण तलवारीच्या नंतर. तसं छापलं. आता त्यांच्याकडे पाहुणे गेले की सून आधी घागरच आणून दाखवते. माझ्या पुस्तकातली एकही सोयरीक आजवर कुणी खोटी ठरवलेली नाही, हे मी छाती पुढं काढून सांगते.

आता बोरी. गौतमराव परभणीला बँकेत अधिकारी, मूळचे बोरीचे, आणि कथा लिहिणारे. त्यांच्या कथासंग्रहाला एक मोठा पुरस्कार मिळाला, वर्तमानपत्रात फोटो आला आणि भावकीला वाटलं की आता आपल्या घराण्याचंही पुस्तक व्हावं. पहिल्याच दिवशी मी सवयीनं मूळपुरुषाचं विचारलं. गौतमराव म्हणाले, “वहिनी, आमचा मूळपुरुष पायी आला. तोही दुसऱ्याचं ओझं डोक्यावर घेऊन. तसंच लिहा.”

या माणसाचं पुस्तक आपण जीव लावून करायचं, हे मी तिथंच ठरवलं.

त्यांना पुस्तकात एक खास प्रकरण हवं होतं, घराण्यातल्या साहित्याच्या वारशाचं. वारसा म्हणजे त्यांचे चुलते, दादारावकाका. घरातला पहिला शिकलेला माणूस, शिक्षक झालेला, पुस्तकांची एक लोखंडी पेटी बाळगणारा. गौतमरावांची आई ते लहान असतानाच गेली. वडील मजुरीला, पोर त्या पेटीशी. ती पेटी वाचूनच मी लेखक झालो, असं गौतमराव प्रत्येक सत्काराला सांगत. मीही माझ्या पद्धतीनं कामाला लागले. आधी त्यांच्या सगळ्या कथा वाचल्या, मग पेटीतली पुस्तकं. काकांनी पेन्सिलीनं कुठं खुणा केल्या, पोराला काय मोठ्यानं वाचून दाखवलं, हे काकांना विचारत गेले. काका दम लागत असतानाही हौसेनं सांगायचे. विचार पेटीतला होता, शब्दही बरेच तिथले होते, यात शंका नाही.

पण गौतमरावांच्या कथेची जी चाल आहे, ती मला पेटीत कुठं सापडेना. त्यांची गाजलेली कथा मेलेल्या बापाला प्रश्न विचारत सुरू होते. कोणत्या वाटेनं गेलास, मळ्याच्या का वेशीच्या? मग बाप समोरच बसलाय असं समजून मुलगा त्याला त्याचीच जिंदगी सांगत जातो, कुणाचा कोण, कुठं खपला, काय खाल्लं. जाणकारांनी लिहिलं की हे मराठीत नवीन आहे. गौतमरावही म्हणत की ते आपल्याला आपोआप सुचलं. आपोआप सुचलं असं कुणी म्हणालं की माझे कान टवकारतात. पण धागा मिळेना, म्हणून मी ती जागा कोरी सोडली.

दुसरी अडचण वंशवृक्षाची. आमच्या धंद्यात वंशवृक्ष म्हणजे बाप आणि लेक. मुली लग्न होऊन गेल्या की झाडावरूनही जातात. गौतमरावांनी मात्र बजावलं की आमच्या झाडात लेकी आल्याच पाहिजेत. विचार सोन्यासारखा, पण नावं कुठून आणायची? या घरात कोरीव नावांची भांडी नव्हती. बरीचशी भांडी मातीची होती आणि ती फुटून गेली. मी भावकीतल्या म्हाताऱ्यांना गोळा करून आज्याच्या बहिणींची नावं विचारली. एक जण म्हणाला, व्हती एक, जिंतूरकडं दिलेली. नाव काय? तो विचारात पडला आणि म्हणाला, आमी आत्याच म्हनायचो की!

सगळे म्हणाले, हे आता एकाच माणसाला ठाऊक असणार, राणीसावरगावच्या गयाआत्याला. गयाआत्या म्हणजे दादारावकाकांची आणि गौतमरावांच्या वडिलांची बहीण. वडील तर केव्हाच गेलेले. जाऊ एकदा, जाऊ एकदा म्हणत आमचं जाणं राहत गेलं, आणि मध्येच दादारावकाका गेले.

मी मयतीला बोरीला गेले. अंगणात माणसं शांत बसली होती, त्रिशरण-पंचशील सुरू व्हायचं होतं. तेवढ्यात वेशीकडून आवाज आला. गयाआत्या एसटीतून उतरून रडतच येत होत्या. आजच्या मुलींना हे माहीत नसेल म्हणून सांगते. आपल्याकडच्या जुन्या बायका नुसत्या रडत नाहीत, गुण घेऊन रडतात. मेलेल्या माणसाला हाका मारत, त्याची सगळी जिंदगी त्यालाच सांगत, सुरात रडतात. गयाआत्या दारात आल्या, भावाचे पाय धरले आणि म्हणाल्या,

“कोन्या वाटेनं गेलास रं माझ्या राजा, मळ्याच्या का येशीच्या?”

ती ओळ मी छापील वाचली होती. पुढं त्या सांगतच गेल्या. तुझ्या आज्जानं दुसऱ्याची ओझी वाहिली रं, दीक्षेच्या वर्षी तुझ्या बापानं देव टोपलीत भरून वढ्यात सोडले रं, त्याच टोपलीत तू पाटी घालून शाळंला गेलास रं. कोण कुणाचा, कोण कुठून आला, ज्याच्यासाठी मी भावकी पालथी घातली होती, ते सगळं एका दमात माझ्यासमोर चाललं होतं. पण मयतीच्या अंगणात वही काढणारी किंवा मोबाइल पुढं करणारी बाई मी नाही. मी नुसती ऐकत राहिले.

तेवढ्यात गौतमराव उठले. आत्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “बस झालं आत्या. वंदना सुरू करायची हाय.” त्यांचंही चुकलं म्हणवत नाही. रडारड करू नये, शांतपणे निरोप द्यावा, ही शिकवण त्यांना काकांनीच दिलेली. आत्या गप्प झाल्या. पदराचा बोळा तोंडाशी धरून भिंतीला टेकून बसल्या आणि पुन्हा बोलल्या नाहीत.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी गौतमरावांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की तुमच्या कथेचा उगम मला सापडला. मला वाटलं, माणूस खूश होईल. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, ती ओळ मला सुचलेली हाय वहिनी. मी म्हटलं, सुचली हो, पण आई गेली तेव्हा, वडील गेले तेव्हा, ती कानात आधी कुणी घातली? त्यावर ते भडकलेच. “म्हंजी मी आत्याचं रडणं उचललं, असं पुस्तकात छापणार तुमी? काकांनी पोटाला चिमटा घेऊन पेटी भरली. आन् वारशाच्या पानावर रडणं?”

मला त्यांचं दुखणं कळत होतं. त्यांच्या घरानं शाळेपर्यंत पोचायला काय सोसलं ते मी त्यांच्याच पुस्तकासाठी लिहीत होते. पण मीही हटणारी नव्हे. वारसा पेटीतून आला असेल तर पेटी लिहीन, बाईच्या गळ्यातून आला असेल तर बाई लिहीन. मी तसं तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, प्रकरण काकांचंच राहील, आणि आमचं बोलणं तेव्हापासून बंद झालं. घराणं त्यांचं, पुस्तक त्यांचं. मी फार तर काम सोडू शकत होते, त्या बाईचं नाव जबरदस्तीनं घालू शकत नव्हते. पण ते न घालता पुस्तक बांधायचं, हे काही माझ्या मनाला पटेना.

निदान लेकींची नावं तरी मिळवावीत म्हणून मी राणीसावरगाव गाठलं. गयाआत्या मिश्री लावत ओट्यावर बसल्या होत्या. वय झालेलं, पण नजर अशी की मी कोण, कुणाची, कशाला आले, हे माझ्याआधी त्यांनीच मला विचारून घेतलं. पुस्तकाचं सांगितल्यावर म्हणाल्या, माझं नाव घालायचं तर मोठ्या अक्षरात घाल, बारीक घालून कुनाला दिसायचं? मी हसले आणि त्यांच्या आत्यांची, आज्यांच्या बहिणींची नावं विचारली. त्यांनी दोन सांगितली आणि अडल्या. तिसरं नाव येईना. चिडल्या स्वतःवरच.

“असं बसून नाव येत न्हाईत तोंडात. रडताना बरोबर येतात, एकामागं एक.”

आणि इथं मी माती खाल्ली. इतकी वर्षं लोकांच्या घरात वावरलेली बाई मी, कामाच्या नादात बोलून गेले की मग थोडं रडून दाखवा की. त्यांच्या सुनेनं माझ्यापुढचा चहाचा कप उचलला आणि आत नेला, अर्धा उरला होता तो. जित्या घरात मयताचं रडणं काढायचं म्हणजे मयत बोलवायचं, हे मला का ठाऊक नव्हतं? गयाआत्यांनी मिश्रीचं बोट धुतलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “कुनाच्या नावानं रडू? तुज्या?”

मी माफी मागितली आणि पिशवी उचलली. फाटकापर्यंत गेले तशी त्यांनीच मागून हाक मारली. म्हणाल्या, शिकलेली असून येडी हाईस. लेक लावून देताना बी रडत्यात की, आन् ते रडणं शुभाचं असतं. गौतमच्या पोरीचं लगीन जमलंय, तवा ये. मेल्याच्या रडण्यात घरातले गडी येतात, लेकीच्या रडण्यात आदी दिलेल्या साऱ्या लेकी येतात, माज्या मायनं मला तसंच शिकवलंय. मी एसटीत बसले आणि जिंतूर-परभणी पालथं घालून जे हाताला लागलं नव्हतं, त्याचा पत्ता फाटकातल्या दोन वाक्यांत मिळाला याचा मला इतका आनंद झाला, की कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं तरी मला ऐकू गेलं नाही.

गौतमरावांची मुलगी प्रज्ञा, पुण्याला कंपनीत नोकरी करणारी. लग्न परभणीला कार्यालयात, बोलणं बंद असलं तरी मला पत्रिका होतीच, आमच्याच छापखान्यातली. पांढऱ्या साडीत पोरगी देखणी दिसत होती. वंदना झाली, हार घातले, जेवणं उरकली. माझं सगळं लक्ष गयाआत्यांकडं. त्या पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या, नवीन लुगडं, हातात रुमाल. पण कार्यालयाचा रंग काही बरा दिसत नव्हता. बाहेर गाडी फुलांनी सजलेली, गाणी ठणठणत होती, आणि प्रज्ञानं मैत्रिणींना आधीच सांगून टाकलं होतं की मी रडणारबिडणार नाही, महिन्याभरात परत यायचंय. हल्ली असंच असतं. तोंडाला रंग लावलेला असतो, तो ओघळतो म्हणून कुणी रडत नाही.

प्रज्ञा निघताना पाया पडायला आत्यांपाशी वाकली. आत्यांनी तिला उठू दिलं नाही. तिचं डोकं छातीशी धरलं आणि सूर लावला. पहिले शब्द गाण्याच्या गोंगाटात बुडाले. मी हातातली ताटली खाली ठेवली. हा एकच प्रसंग होता, आणि तोही हातचा चालला होता. गौतमराव वळून बघत होते. बोरीच्या अंगणातल्यासारखेच ते आत्याच्या दिशेनं निघाले. मला वाटलं, आता पुन्हा खांद्यावर हात ठेवणार.

ते आत्याला ओलांडून सरळ गाणी लावणाऱ्या पोऱ्यांकडं गेले आणि म्हणाले, बंद करा.

कार्यालय एकदम शांत झालं. आत्यांचा आवाज मोकळा झाला. जाय माझे बाई, तुझ्या आदी गेल्यात गं साऱ्या. ठका दिली जिंतूरला, दळून दळून हात गेले गं तिचे. सोना दिली पाथरीला, परत माघारी आलीच न्हाई गं. भागा दिली सेलूला, दोन पोरं शिकवून सायेब केले गं. कुणाची कोण, कुणाची थोरली, कुणाची धाकटी, एकामागून एक लेकी त्या कार्यालयात येऊन उभ्या राहत होत्या. न रडणारी प्रज्ञा रडत होती, तिच्या मैत्रिणी रडत होत्या, आणि व्हिडिओवाला पोरगा शहाणा, त्यानं कॅमेरा हलवला नाही. मी नावं मनात घोकत होते तरी त्याचा मला केवढा आधार वाटला म्हणून सांगू!

भागाबाईपाशी येऊन आत्या थांबल्या. पदरानं तोंड पुसलं. बायकांनी सुस्कारे सोडले. सगळ्या लेकी आल्या होत्या, एक सोडून. रडणारी बाई स्वतःचं नाव घेत नाही, घेणार तरी कशी?

तेव्हा गौतमराव पुढं आले. पुरुष असे रडत नाहीत, निदान मी तरी कधी पाहिलं नव्हतं. आत्याच्या खुर्चीपुढं खाली बसले, हात जोडले आणि तिच्याच सुरात, फाटक्या आवाजात म्हणाले,

“आन् राणीसावरगावला दिली ती गया. कोन्या वाटेनं गेलीस गं आत्या, मळ्याच्या का येशीच्या?”

माझ्या शेजारची बाई दचकून पुटपुटली की जित्या माणसाला असं विचारत नसतात. ते खरंच होतं. हा प्रश्न आजवर ज्यांना विचारला, त्यांच्यातल्या एकानंही उत्तर दिलेलं नव्हतं.

गयाआत्यांनी भाच्याकडं बघितलं. तो काय कबूल करतोय ते त्यांना कळलं असणार, कारण कथा त्यांनी वाचली नसली तरी ओळ कुणाची ते त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी त्याच्या जोडलेल्या हातांवर आपला हात ठेवला.

“येशीच्या,” त्या म्हणाल्या. “बैलगाडीत. तुझा बाप लहान व्हता. गाडीमागं पळत आला, पार वढ्यापातूर.”

वारशाचं प्रकरण गौतमरावांनी मला नव्यानं लिहायला सांगितलं. पेटी आणि काका दुसऱ्या पानापासून सुरू होतात. पहिल्या पानावर वर प्रश्न आहे, खाली उत्तर आहे, आणि त्याखाली उत्तर देणारीचं नाव, मोठ्या अक्षरात.